दोन खोल्या, शेजारी-शेजारी

साकोली बहुतेकांनी बसच्या खिडकीतूनच पाहिलेली असते. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर भंडारा मागे टाकलं की चाळीसेक किलोमीटरवर हे तालुक्याचं गाव लागतं. बस स्टँडवर थांबते, चहा होतो, मग पुढे देवरी आणि त्यापुढे छत्तीसगड. रस्त्याचा नंबर आता ५३ झाला असला तरी जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी तो अजून 'सिक्स नंबर'च आहे. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मध्येच एखादं तळं, दूरवर जंगलाची काळपट रेघ. मुक्काम करावा असं गाव म्हणून साकोलीकडे फारसं कुणी पाहत नसे.

ते चित्र आता बदललं आहे. नागझिरा अभयारण्य १९७० चं, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चं. मारुती चितमपल्लींच्या लिखाणामुळे नवेगावबांधचं नाव मराठी घरांत केव्हाच पोहोचलं होतं. २०१३ साली ही जंगलं एकत्र करून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, महाराष्ट्रातला पाचवा. नागझिऱ्याचं पिटेझरी गेट साकोलीहून वीस-बावीस किलोमीटरवर. त्यामुळे सुट्ट्यांत मुलंबाळं घेऊन येणारी कुटुंबं आता साकोलीत उतरू लागली आहेत. पण महामार्गावरची बरीचशी हॉटेलं उभी राहिली ती औषध कंपन्यांच्या एजंटांसाठी, ठेकेदारांसाठी, दौऱ्यावरच्या साहेबांसाठी आणि लग्नाच्या पाहुण्यांसाठी. एक माणूस किंवा दोन माणसं, एक रात्र, सकाळी रवाना. मुलं, आजी, दुधाची बाटली आणि ओले कपडे घेऊन कुणी येईल असं खोली बांधताना कुणाच्या डोक्यात नव्हतं. अशाच एका रात्रीबद्दल मला लिहायचं आहे.

दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटी आम्ही अमरावतीहून निघालो. आम्ही म्हणजे तीन मोठी माणसं आणि तीन मुलं. मी, माझा नवरा आणि माझ्या सासूबाई, ज्यांना घरात सगळेच अम्मी म्हणतात. मोठी मुलगी नऊ वर्षांची, मधला साडेचार वर्षांचा, धाकटी आठ महिन्यांची. अम्मींना शुगर आहे, गुडघे दुखतात, आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. मधला बापाचं बोट धरल्याशिवाय झोपत नाही. धाकटी अंगावर पिते. मोठी दादीजवळ झोपते आणि रात्री दादी उठली की तीही उठते, लाइट लावते, चपला पुढे सरकवते. घरात हे सगळं इतकं सवयीचं असतं की याला 'व्यवस्था' म्हणतात हे घराबाहेर पडल्यावरच कळतं.

जंगलातल्या वनविश्रामगृहांत खोल्या मोजक्या असतात, त्या आम्हाला मिळाल्या नाहीत. म्हणून साकोलीत महामार्गालगतच्या एका हॉटेलात फोनवरून दोन खोल्या सांगितल्या : पहिल्या मजल्यावर आणि शेजारी-शेजारी. लिफ्ट नाही हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून पहिला मजला. आगाऊ पैसे पाठवले. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या नवऱ्याने पुन्हा फोन केला. "हो भाऊ, पक्कं आहे, या तुम्ही." हॉटेलचं नाव मी इथे देत नाही. ते देऊन काही साधणारही नाही, कारण ही गोष्ट कुठल्याही गावात, कुठल्याही पाटीखाली घडू शकते.

पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. तुळशीची लग्नं लागून लग्नसराई सुरू झाली होती. शिवाय झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटकं होतात, लेकी-जावई, पाहुणे येतात. हॉटेलच्या आवारात वऱ्हाडाच्या गाड्या लागलेल्या होत्या. काउंटरवर एक पोरगा रजिस्टर घेऊन बसला होता आणि मागे मॅनेजर दोन फोनवर एकाच वेळी बोलत होता.

आधी आधार कार्डं मागितली. इथे आमच्यासारख्या कुटुंबाचा एक जुना पेच असतो. माझ्या कार्डावर माझ्या वडिलांचं आडनाव आहे, लग्नानंतर मी ते बदललं नाही. आमच्यात पुष्कळ बायका बदलत नाहीत. अम्मींच्या कार्डावर नुसतं नाव आणि पुढे 'बी'. नवऱ्याचं आडनाव तिसरंच. त्या पोराने तीन कार्डं ओळीने मांडली, एकदा कार्डांकडे, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही तीन फॅमिली हाये का?" कडेवर धाकटी, पायाशी मधला, आणि मोठी काउंटरवरच्या वाटीतली बडीशेप खात उभी. मी म्हटलं, "एकच आहे, बेटा." त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं आणि मग हळूच विचारलं, "मॅडम, लग्नाचा काही पुरावा?" मुलांकडे बोट दाखवावं असं वाटलं, पण मी फक्त इतकंच विचारलं, की असा पुरावा मागायचा नियम कुठे लिहिला आहे. तसा नियम नाही. पाहुण्यांची ओळख पटवून घ्यायची, रजिस्टर ठेवायचं, इतकंच हॉटेलचं काम. नवरा-बायकोचं आडनाव एकच असावं असं कुठलाही कायदा सांगत नाही. मॅनेजरने फोन कानापासून दूर धरून त्याला हातानेच 'राहू दे' म्हटलं.

मग किल्ल्या आल्या. १०४ आणि ३०५. एक पहिल्या मजल्यावर, एक तिसऱ्या.

लहानपणी एक कोडं घालायचे. नावाड्याला वाघ, शेळी आणि गवताची पेंढी पलीकडे न्यायची आहे, नावेत एका वेळी एकच मावतं. काउंटरपाशी उभे राहून आम्ही दोघं तेच कोडं सोडवत होतो. अम्मी वर चढू शकत नाहीत, म्हणजे १०४ त्यांची. त्यांच्यासोबत मोठी. पण रात्री शुगर उतरली तर नऊ वर्षांच्या मुलीने अनोळखी हॉटेलात दोन जिने चढून आम्हाला उठवायचं? मग नवरा खाली राहील. पण मग मधलाही खालीच, आणि एका पलंगावर चौघं. वर मी एकटी, कडेवर तान्ही, आजूबाजूला लग्नाच्या पार्टीतली पुरुष मंडळी. मी खाली, नवरा वर, असं केलं तर मधला रात्रभर रडणार. वाघ बघायला निघालो होतो आणि वाघ-शेळीतच अडकलो.

इथे मनात आणखी एक विचार येऊन गेला. तो लपवण्यात अर्थ नाही, कारण हे वाचणाऱ्यांतल्या कित्येकांच्या मनात तो येतो. कार्डं पाहिल्यानंतरच किल्ल्या बदलल्या का? शहरात भाड्याने घर शोधताना नाव सांगितल्याबरोबर 'आत्ताच दुसऱ्याला दिलं' हे वाक्य ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना हा प्रश्न नवा नाही. असा प्रश्न पडणं हा काही आमचा दोष नाही. पण तो तोंडातून काढण्याआधी शहानिशा करावी, एवढं मी माझ्या वडिलांकडून शिकले आहे. मी मॅनेजरला फक्त विचारलं, "आमच्या खोल्या कुणाला दिल्या?"

त्याने फोन ठेवला. "ताई, कसं आहे, लग्नाच्या पार्टीनं आज दुपारी चार रूम वाढवल्या. आता त्यायले नाही कसं म्हणू? मंग मी सगळ्यायचं पाहून राहिलो ना. तुम्हाले एक खालची, एक वरची. तिकडे ते दुर्गचे लोक बसले हायेत, त्यायले बी एक खालची, एक वरची. कोणावर अन्याय नाही केला मी."

तो खरंच बोलत होता. सोफ्यावर दुर्गहून आलेलं एक कुटुंब बसलं होतं. नवरा, बायको आणि कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली. नागपूरला निघाले होते, रात्र झाली म्हणून इथे थांबले. त्यांनीही आधी फोन करून शेजारच्या दोन खोल्या सांगितल्या होत्या. त्यांच्या हातात किल्ल्या होत्या १०५ आणि ३०६ च्या. म्हणजे नावाचा संबंध नव्हता. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटावं याचं थोडं वाईटही वाटलं. पण खोल्यांचा प्रश्न होता तिथेच होता.

तो सोडवला अम्मींनी. त्या गुडघे धरून सोफ्यावर जाऊन बसल्या होत्या आणि दहा मिनिटांत दुर्गच्या बाईंशी त्यांची ओळख झाली होती. "आपका भी ऊपर-नीचे हुआ क्या?" अम्मींनी विचारलं. त्या बाई म्हणाल्या, "हाँ अम्मा, बेटियों को अलग मंज़िल पर अकेले कैसे सुला दें? बारात वाले घूम रहे हैं।" मजला कुठलाही चालेल, पण मुली शेजारी हव्यात, असं त्यांचं म्हणणं. अम्मींनी मला हाक मारली. "बेटा, इनको ऊपर से दिक्कत नहीं है, हमको है। चाबी बदल लो।"

एवढंच होतं. आम्ही १०४ आणि १०५ घेतल्या, त्यांनी ३०५ आणि ३०६. मॅनेजरने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "हे तर माह्या ध्यानातच नाही आलं." त्याच्या बाजूने त्याने अगदी काटेकोर समान वाटप केलं होतं. दोन्ही कुटुंबांना एक चांगली, एक वाईट. पण दोघांनाही नेमकं जे हवं होतं, ते त्या वाटपात उरलंच नव्हतं. खोल्या त्याने मोजल्या, माणसं मोजली, फक्त कुणाला कुणाजवळ झोपायचं आहे हे विचारलं नाही. विचारायला अर्धा मिनिट लागला असता.

यानंतर पैशांची गोष्ट निघाली. फोनवर सांगितलं होतं की बारा वर्षांखालच्या मुलांचे पैसे लागत नाहीत. काउंटरवर कळलं की पाच वर्षांवरच्या मुलाचे लागतात, म्हणजे मोठीचे पाचशे रुपये जास्त. दोन्हीपैकी कुठलाच नियम कुठे लिहिलेला नव्हता. एसटीत बसा. पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यातल्या आजीला पाठ असतं. रेल्वेत पाच वर्षांखाली तिकीट लागत नाही. पाच ते बारामधल्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं, हवा असेल तर २१ एप्रिल २०१६ पासून पूर्ण. हा नियम आवडो न आवडो, तो छापलेला आहे आणि सगळ्यांना सारखा आहे. हॉटेलात मात्र मूल कुठे पाचव्या वर्षी मोठं होतं, कुठे सहाव्या, कुठे आठव्या, कुठे बाराव्या. आणि पुष्कळ ठिकाणी ते काउंटरवर कोण बसलं आहे त्यावर ठरतं. रात्री दहा वाजता झोपाळलेली मुलं घेऊन उभ्या असलेल्या बाईने घासाघीस करावी तरी किती? शेवटी असं ठरलं की माणसाचे पैसे नाहीत, पण जास्तीच्या गादीचे तीनशे. मी म्हटलं, ठीक आहे, पण बिलात 'गादी' असं वेगळं लिहा.

गादीवरूनही गंमत झाली. आमच्या घरात पाहुणे आले की जमिनीवर सतरंजी, त्यावर गोधड्या, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पोरांची रांग. अम्मी सांगतात, त्यांच्या लहानपणी नागपूरला ताजबागच्या उर्साला जायचे तेव्हा एका ओसरीवर तीन घरं झोपायची. बायका-मुलं आतल्या बाजूला, पुरुष दाराकडे, म्हातारी माणसं न्हाणीघराजवळ. कुणी मांडणी करून देत नसे, पण सगळ्यांना जागा कळायची. हॉटेलात जमिनीवर गादी मागितली की तिथला पोरगा अशा नजरेने पाहतो, जणू आपण खोलीचा अपमान केला. तान्ह्या मुलाला उंच पलंगावर झोपवण्यापेक्षा खाली गादीवर घेऊन झोपणं कितीतरी निर्धास्त असतं, हे ज्याच्या घरी मूल पलंगावरून पडलं आहे त्यालाच विचारा.

खोलीत गेल्यावर मी आधी सामान उघडलं नाही, खोली पाहिली. ही सवय मला एका बालरोगतज्ज्ञ मैत्रिणीने लावली. बाल्कनीचं रेलिंग आडव्या पाइपांचं होतं. उभे गज असले तर मूल चढू शकत नाही. आडवे पाइप म्हणजे मुलासाठी शिडीच. बाल्कनीतली खुर्ची आत आणली आणि दाराची वरची कडी लावली. बाथरूमला आतून खाली एक लहान कडी होती, मधल्याच्या हाताला येईल अशी. ती ओढणीच्या तुकड्याने बांधून टाकली, म्हणजे तो स्वतःला आत कोंडून घेणार नाही. गीझरच्या नळाला आधी गार पाणी सोडायचं आणि मग गरम, हे मोठीला समजावलं. पलंगाशेजारचं स्विचबोर्ड जमिनीपासून हातभर उंचीवर होतं, त्याच्यापुढे बॅग ठेवली. दहा मिनिटांचं काम. पण तिसऱ्या मजल्यावर, एकटीने, कडेवर मूल घेऊन हे करायचं असतं तर, या विचाराने मला तेव्हा थंडी वाजली.

अम्मींनी विचारलं, "क़िब्ला किधर है?" खोलीत बाण वगैरे नव्हता. पाणी घेऊन आलेल्या पोराला मी विचारलं, "पश्चिम कुठे?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "नागपूर तिकडे ना, म्हणजे तिकडेच." महामार्ग इथे पूर्व-पश्चिम धावतो. रायपूरच्या दिशेने सूर्य उगवतो, नागपूरच्या दिशेने मावळतो. अम्मींनी नागपूरकडे तोंड करून, खुर्चीवर बसून प्रवासातली चार रकातींची दोन करून इशाची नमाज पढली. थोड्या वेळाने तोच पोरगा स्वतःहून एक जादा चादर घेऊन आला. "आजीले खाली अंथरायला लागन," म्हणाला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री अडीचला अम्मी उठल्या. भिंतीपलीकडून मोठीच्या चपलांचा आवाज आला, मग आमच्या दारावर टकटक. अम्मींना घाम सुटला होता, हात थरथरत होते. शुगर उतरली होती. दिवसभराचा प्रवास, जेवायला उशीर, आणि गोळी मात्र वेळेवर. नवरा चार पावलांत पोहोचला. ग्लुकोजची पावडर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी बिस्किटं आणि दूध. अर्ध्या तासात त्या हसून म्हणाल्या, "जाओ, सो जाओ।" ज्यांच्या घरी शुगरचा पेशंट आहे त्यांना माहीत आहे की यात पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. ती दहा मिनिटं अंधाऱ्या जिन्यावर गेली नाहीत, कारण दुर्गच्या एका बाईने किल्ली बदलून दिली होती. सकाळी मी त्यांना शोधत वर गेले तेव्हा ३०५ आणि ३०६, दोन्हींना कुलूप होतं. पहाटेच निघून गेले होते.

त्या दिवशी नवरा दोन्ही मोठ्या मुलांना घेऊन पहाटे पाचला पिटेझरीला गेला. मी, अम्मी आणि धाकटी मागे राहिलो. वाघ दिसला नाही. गवे दिसले, आणि रानकुत्र्यांची एक टोळी रस्ता ओलांडून गेली. मधला अजून सगळ्यांना सांगतो की त्याने 'जंगलातले मोती' पाहिले. मोती आमच्या गल्लीतल्या कुत्र्याचं नाव. सफारीहून परतायला अकरा वाजणार आणि खोली सोडायची वेळ दहा. हेही आदल्या रात्री बोलून ठेवलं होतं, बारापर्यंत एक खोली ठेवू दिली. जंगल पाहायला येणाऱ्यांच्या जिवावर चालणाऱ्या गावात खोली सोडायची वेळ सकाळच्या सफारीच्या आत असावी, याचा हॉटेलवाल्यांनी एकदा विचार करायला हवा.

मुसाफिराची सोय ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट आहे. शेरशाह सूरीने सोळाव्या शतकात हमरस्त्यांवर ठरावीक अंतराने सराया बांधल्या. तिथे हिंदू आणि मुसलमान प्रवाशांची आपापल्या रीतीप्रमाणे सोय होई, पाणी मिळे, जनावरांना चारा मिळे. तीर्थाच्या गावांत धर्मशाळा झाल्या, मुंबईत हजला निघालेल्यांसाठी मुसाफिरखाने झाले. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते, त्यांत वाटसरूही आहे. घरी तो श्रीमंत असेना का, वाटेत तो गरजू असतो, हे त्यामागचं शहाणपण. हॉटेल हा धंदा आहे, तिथे फुकट कुणी मागत नाही. पण पैसे मोजूनही वाटेतला माणूस अडलेलाच असतो. रात्री दहा वाजता मुलं घेऊन त्याला दुसरीकडे जाता येत नाही, हे काउंटरच्या पलीकडच्यालाही ठाऊक असतं.

म्हणून काही गोष्टी लेखी असाव्यात. फोनवर बोलणं झालं की व्हॉट्सॲपवर तेच चार ओळींत पाठवून 'बरोबर ना?' असं विचारा. किती खोल्या, कुठला मजला, शेजारी की नाही, मुलांची वयं, गादीचे पैसे, खोली सोडायची वेळ. समोरून आलेलं 'हो' जपून ठेवा. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेली, म्हणजे मास्क्ड आधार, द्या. आधारच्या वेबसाइटवरून ती फुकट काढता येते. २०२२ च्या मे महिन्यात आधारच्या एका कार्यालयाने हॉटेलांना कार्डाच्या प्रती देऊ नका असं पत्रक काढलं आणि दोनच दिवसांत सरकारने ते मागे घेतलं. पण मास्क्ड आधारची सोय होती तशी आहे. बिल घ्या आणि वाचा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी पाच टक्के आहे, आधी तो बारा होता.

आणि ठरलेली खोली दिलीच नाही, जास्तीचे पैसे उकळले, तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक मोठी सोय आहे, ती पुष्कळांना माहीत नसते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. म्हणजे साकोलीतल्या हॉटेलची तक्रार अमरावतीत होऊ शकते, भंडाऱ्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही लागत नाही. आम्ही तक्रार केली नाही, कारण शेवटी ठरलेलं आम्हाला मिळालं. पण मिळालं ते अम्मी सोफ्यावर बसून दोन शब्द बोलल्या म्हणून. सगळ्यांसोबत अम्मी नसतात.

पुढच्या वर्षी मोठी दहा वर्षांची होईल. दहाव्या वर्षी मुलांची अंथरुणं वेगळी करावीत अशी आमच्याकडे शिकवण आहे. म्हणजे आमच्या खोल्यांचं गणित पुन्हा नव्याने मांडावं लागेल. हॉटेलच्या हिशेबात ती 'पाच वर्षांवरची' एवढीच राहील. माझी मागणी फार मोठी नाही. ज्या काउंटरवर 'खोली सोडण्याची वेळ सकाळी १०' अशी पाटी लागते, तिथे मुलांच्या वयाचा आणि गादीचा दर सांगणारी दुसरी पाटी लागावी. आणि किल्ली देण्याआधी काउंटरवरच्या माणसाने एकच प्रश्न विचारावा : तुमच्यापैकी कुणाला कुणाजवळ झोपायचं आहे?